तिसऱ्या भिंतीवरचं तुमचं चित्र

काका, तुमचं चित्र आज सकाळी साडेनऊला भिंतीवर लावलं आणि तेव्हापासून मी त्याच्याकडे पाठ करून बसले आहे. आत्ता दीड वाजलाय. चार वाजता काकू येणार आहेत आणि साडेपाचला उद्घाटन. काकूंना मी फोनवर शब्द देऊन बसलेय, की चित्र बघून त्यांना नको वाटलं तर मी तिथल्या तिथे उतरवीन, कुणाला विचारणार नाही. शब्द देताना काही वाटलं नव्हतं. आता वाटतंय, कारण निमंत्रणपत्रिकेवर तुमचाच चेहरा छापलाय आणि दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर पहिले तुम्हीच दिसता. चित्र उतरलं तर तिथे नुसता खिळा राहील, आणि येणाऱ्या प्रत्येकाला मी काय सांगणार? चित्रातल्या माणसाच्या बायकोला तो चेहरा पसंत पडला नाही, असं? डबा समोर ठेवलाय, भूक नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, त्यामुळे उत्तराची घाई नाही.

हॉल जेसल पार्कला आहे, पहिल्या मजल्यावर. एरवी इथे साखरपुडे आणि बारशी होतात. काल चित्रं घेऊन आले तेव्हा छताला गुलाबी रिबिनी लटकत होत्या आणि एका कोपऱ्यात ढोकळ्याचा वास रेंगाळत होता. वॉचमनने शिडी धरली, मी खिळे मारले. एकूण चौदा चित्रं आहेत, सहा चेहरे आणि आठ आपल्या इकडची: मिठागरं, ओहोटीची खाडी, राई गावाच्या बाजूची तिवरं, आणि त्या सगळ्याच्या मागे उभे असलेले टॉवर. सगळी करडी, काळपट, संध्याकाळची. आज शेवटचं लावून झाल्यावर वॉचमन हॉलच्या मधोमध उभा राहून म्हणाला, “मॅडम, लाइट बढ़ाऊँ क्या? सब में शाम हो गई है.” मी म्हटलं, रहने दो, शाम ही है. त्याला पटलं नाही. मिठागराच्या चित्राजवळ जाऊन त्याने बोट दाखवलं. “ये तो अपने खाड़ी के बाजू का है ना? इतना उदास थोड़ी है वहाँ. लोग घूमने जाते हैं.” तुम्ही असता तर त्याला टाळी दिली असतीत. माझं आभाळ बघून तुम्ही नेहमी विचारायचात, “ह्याला ताप आलाय का गं? क्रोसिन दे त्याला.”

तुमच्या आभाळाला कधी ताप आला नाही. नवघरच्या रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या दुकानात तुम्ही गाड्यांच्या नंबर प्लेटी रंगवायचात, किराण्याच्या दुकानांच्या पाट्या करायचात, निवडणुका आल्या की भिंती रंगवायचात, आणि ह्या सगळ्याच्या मधे मेलेल्या माणसांचे चेहरे काढायचात. गिऱ्हाईक म्हणायचं, मागे जरा सिनरी टाका. मग तुम्ही निळं आभाळ, तळं आणि दोन हंस टाकायचात. रत्नागिरीहून येऊन आयुष्यभर इथल्या चाळीत राहिलेला गिरणीतला माणूस, त्याच्या मागे काश्मीर. मी हसले की तुम्ही म्हणायचात, “हसू नकोस. जिवंतपणी कधी गेला नाही, आता तरी जाऊ दे.”

माझे वडील भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते. त्यांचा डबा पोचवायला मी शाळेतून परस्पर जायचे आणि येताना तुमच्या दुकानासमोर उभी राहायचे. तेरा वर्षांची होते. आठ-दहा दिवस तुम्ही बघूनही न बघितल्यासारखं केलंत, आणि मग एक दिवस मान वर न करता म्हणालात, “उन्हात उभी राहू नको. आत ये आणि ती सुतळी धर.” मी सुतळी धरली. तुम्ही तिला खडू फासला, ताणली आणि टिचकी मारली, पाटीवर सरळ पांढरी रेघ उमटली. पुढे दीड वर्ष मी तेवढंच केलं, सुतळी आणि अक्षरं. चेहऱ्याला हात लावू दिला नाहीत. माझा असा काही संताप व्हायचा! घरी जाऊन मी आईच्या दळणाच्या डब्यावर सगळ्यांची तोंडं काढायचे आणि मार खायचे.

चेहऱ्यांचं काम वेगळंच होतं, आणि ते कसं चालायचं हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. माणूस गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरातलं कोणीतरी यायचं. हातात रेशन कार्डावरचा नाहीतर कंपनीच्या पासावरचा फोटो, नखाएवढा. तेराव्याला हार घालायला मोठा फोटो हवा असायचा, आणि माणसाचा मोठा फोटो आयुष्यात कधी काढलेलाच नसायचा. शिवाय हजार सूचना. गाल भरा, आजारपणात गेले ते. डोळा तिरळा होता, तो नीट करा. दात पुढे होते, तोंड मिटलेलं दाखवा. तुम्ही सगळं करून द्यायचात. आणि तरी लोक चित्र बघून म्हणायचे, अगदी असेच होते हो. त्याचं कारण मला नंतर कळलं. फोटो घेऊन तुम्ही लगेच कामाला बसायचा नाहीत. आधी त्या घरी जायचात, चहा घ्यायचात, अर्धा तास बसायचात आणि भलतंच काहीतरी विचारायचात. भात आवडायचा की भाकरी? रागावले की ओरडायचे की गप्प व्हायचे? एकदा मी विचारलं, ह्याचा चित्राशी काय संबंध. तुम्ही म्हणालात, “मला काय माहीत? पण न जाता काढलं की माणूस पोस्टातल्या तिकिटासारखा होतो.”

सोळाव्या वर्षी तुम्ही मला पहिला चेहरा दिलात. राईच्या एका म्हाताऱ्या बाई गेल्या होत्या. नवरा होता, मासेमारी करायचा. फोटो मतदान ओळखपत्रावरचा, काळा-पांढरा, पुसट. तुम्ही म्हणालात, उद्या राईला जाऊन ये, बसून ये, मग सुरू कर. मी निघाले, आणि वाटेत खाडीच्या काठाला ओढून ठेवलेल्या होड्या दिसल्या. काका, तीन तास मी त्या होड्या काढत बसले. परत आले तेव्हा तुम्ही विचारलंत, जाऊन आलीस? मी म्हटलं, हो. मग फोटोवरून चेहरा काढला आणि खरं सांगते, चांगला काढला होता. सुरकुतीन् सुरकुती आली होती. बाराव्या दिवशी संध्याकाळी तो म्हातारा घ्यायला आला. चित्रासमोर उभा राहिला आणि त्याचा चेहरा असा काही झाला की मी ब्रश धुवायला वळले.

“पोरी,” तो म्हणाला, “मी जिता हाय ना अजून? मंग माज्या बायकोच्या कपालाला कुकू का न्हाय?”

फोटोत कुंकू उमटलंच नव्हतं. पुसट कागदावर कपाळ कोरं दिसत होतं, मी कोरं काढलं. नवऱ्याच्या आधी, भरल्या कपाळाने गेलेली बाई मी विधवा करून ठेवली होती, आणि तीही उद्या गावजेवणात सगळ्यांसमोर हार घालायला. तुम्ही पुढे आलात. हात जोडलेत आणि म्हणालात, “बाबा, माझी चूक. माझ्या हातून राहिलं.” माझं नाव घेतलं नाहीत, स्वतःवर घेतलंत. मग बसलात आणि त्याला समोर बसवून विचारलंत, केवढं लावायच्या? तो म्हणाला, “चांगला रुपयाएवढा. लांबून दिसंल असा.” तुम्ही तसं काढलंत. मग तो रडला. चित्र कागदात गुंडाळून, छातीशी धरून गेला.

तो गेल्यावर तुम्ही विचारलंत, “राईला गेली होतीस?” मी म्हटलं, हो. “घर कसं होतं?” मी म्हटलं, बंद होतं. मयताच्या घराला कुलूप! तुम्ही हो म्हणालात की नाही तेही आठवत नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून मला नंबर प्लेटींवर बसवलंत, तीन महिने. ओरडला असतात तर मी उलट बोलले असते, भांडले असते, मोकळी झाले असते. तुम्ही तेही करू दिलं नाहीत. राईला मी गेले नव्हते, हे आज लिहिलं. तुम्हाला ते तेव्हाच माहीत होतं, मला माहीत आहे. पण मी कधी तोंडाने म्हटलं नव्हतं.

तुम्हीच मग मला मुंबईच्या आर्ट कॉलेजचा फॉर्म आणून दिलात. वडिलांना समजवायला रविवारी घरी आलात, इस्त्रीचा शर्ट घालून. वडील म्हणाले, पोरीच्या जातीला हे कसलं शिक्षण. तुम्ही म्हणालात, “तुम्ही भांडी चमकवता, ती माणसं चमकवेल. काम तेच.” वडील हसले आणि सही केली. जायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला तुमचा डोळ्यांचा ब्रश दिलात, अगदी बारका, तो कुणाला शिवू द्यायचा नाहीत. मी म्हटलं, मग तुम्ही डोळे कशाने काढणार? म्हणालात, आता डोळे कमी झालेत गं, लोक कॉम्प्युटरवर करून घेतात.

ते खरंच होतं. फ्लेक्स आले आणि तुमचं दुकान बसलं. आणि कॉलेज संपवून नोकरी शोधत फिरणारी मी कुठे लागले, तर स्टेशनजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला कळलं ते एका दुपारी, तुम्ही कुणाच्यातरी श्रद्धांजलीचा बोर्ड छापायला द्यायला आलात तेव्हा. गिऱ्हाईक तुमच्याकडे आलं असणार आणि तुम्ही त्याला नाही म्हणायच्या ऐवजी स्वतः फोटो घेऊन आला होता. मी काचेच्या आत बसून माउसने एका मेलेल्या माणसाच्या सुरकुत्या पुसत होते. तुम्ही दोन मिनिटं मागे उभे होता. मग म्हणालात, “छान. एसी आहे.” बस, एवढंच. टोमणा नव्हता तो, तुम्हाला खरंच बरं वाटलं होतं की मी उन्हात नाही. पण चोराच्या मनात चांदणं. मी त्या दिवसापासून नवघरच्या रस्त्याने जाणं सोडलं. लांबच्या रस्त्याने जायचे, मधे दोन वळणं जास्त पडायची.

वर्षभराने कळलं, तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं. ज्याने गावभरची तोंडं सरळ करून दिली त्याचं. लोक येऊन मला सांगायचे आणि मी म्हणायचे, ह्या रविवारी जाते. तुम्ही दोन वर्षं तसेच होता. दोन वर्षांत रविवार किती येतात, हे मोजायला मला सांगू नका. मी आले ती थेट तेराव्याला. भिंतीवर तुमचा फ्लेक्स होता, कुणाच्यातरी लग्नाच्या फोटोतून कापलेला, मागे ढग, आणि खांद्यावर दुसऱ्याच कुणाचातरी हात अर्धा राहिलेला. मी शेवटच्या रांगेत बसले, जेवले आणि निघाले. काकूंनी मला पुरणपोळी बांधून दिली.

म्हणून हे चित्र. गेली दोन वर्षं मी ते काढतेय. ठरवलं होतं की काहीही सुधारायचं नाही. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, तोंड एका बाजूला ओघळलेलं, पण डोळे तुमचेच, टक लावून बघणारे. मी आजवर केलेलं सगळ्यात चांगलं काम आहे ते, आणि हे मी फुशारकीने म्हणत नाही. म्हणूनच भीती वाटतेय. आधी फोनवर काकूंचा भाचा बोलला. तो म्हणाला, “मावशीला त्रास होईल. तोंड सरळ करा ना, तुम्हाला काय कठीण आहे?” मग काकूंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, “मी येऊन बघते. बघितल्याशिवाय काय बोलू?” आणि आणखी एक आहे. चित्राखाली छोटी चिठ्ठी लावलीय, प्रत्येक चित्राखाली आहे तशी. हॉल बघणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, ‘सर समोर बसले होते का तुमच्या? म्हणजे तसं लिहिते.’ मी मान हलवली. त्यांनी छापलं: ‘प्रत्यक्ष भेटीतील रेखाटनांवरून’. मी म्हणू शकले असते, नको. म्हटलं नाही.

पावणेचार झाले. खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला. घोडामैदान जवळच आहे. थांबते.

काल पुढे लिहिणं झालं नाही. आज सकाळचे अकरा वाजलेत, हॉल नुकताच उघडलाय, वॉचमन आणि मी, दोघंच आहोत.

काकू एकट्याच आल्या होत्या. जिना चढून दम लागला होता, हातात कापडी पिशवी. आल्या आल्या म्हणाल्या, “आधी पंखा लाव गो.” मी खुर्ची पुढे केली, बसल्या नाहीत. आणि त्या तुमच्याकडे गेल्याच नाहीत. पहिल्या भिंतीपासून सुरुवात केली. एकेक चित्र बघत, हात मागे बांधून, सोसायटीची पाहणी करायला आल्यासारख्या. मिठागरासमोर थांबल्या. “हे कळलं,” म्हणाल्या. खाडीसमोर म्हणाल्या, “पाणी कुठाय? सगळा चिखलच काढलास.” मी म्हटलं, ओहोटी आहे काकू. “असेल,” म्हणाल्या. चेहऱ्यांपाशी जास्त वेळ थांबत होत्या. माझ्या वडिलांच्या चित्राला त्यांनी नमस्कार केला. माझा जीव टांगणीला लागला होता, घड्याळात सव्वाचार, आणि काकू काही तिसऱ्या भिंतीशी पोचत नव्हत्या. मला वाटलं, मुद्दाम करतायत. मग वाटलं, त्याही घाबरल्या आहेत.

शेवटी तुमच्यासमोर आल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मी मागे उभी होते, मला त्यांची फक्त पाठ दिसत होती.

“तोंड तसंच काढलंयस,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, “हो काकू.”

“भाचा म्हणत होता सरळ करून घे. मी म्हटलं त्याला, गप रे. जगाची तोंडं सरळ केली त्यांनी, स्वतःचं झालं नाही, तर नाही झालं. त्यात लपवायचं काय?”

माझ्या जिवात जीव आला. मी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात त्यांनी हात वर केला आणि चित्राच्या ओठांजवळ, न टेकवता, हवेतच धरला. चमचा धरल्यासारखा. मग तो हात इकडचा तिकडे केला. परत इकडे आणला. आणि वळून माझ्याकडे बघितलं.

“ही बाजू नव्हती गो.”

मला कळलंच नाही.

“हात उजवा गेलेला. तो तू उजवाच काढलास, बरोबर. तोंड पण उजवीकडचंच गेलेलं, हाताच्या बाजूचं. तू ते डावीकडे काढलंस. मी दोन वर्षं भरवलंय त्यांना. डावीकडून भरवायचे, उजवीकडून घातलं की सगळं बाहेर यायचं. ही बाजू चांगली होती त्यांची. हिच्याकडूनच हसायचे.”

मी चित्राकडे बघत राहिले. दोन वर्षं मी त्या ओठाच्या कोपऱ्यावर काम केलं होतं, काका. कितीतरी माणसांनी ते चित्र बघितलं, मोठमोठ्या चित्रकारांनी बघितलं. काकूंना पाच मिनिटं लागली. मग त्या वाकल्या आणि खालची चिठ्ठी वाचू लागल्या, एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने. “प्रत्यक्ष. भेटीतील. रेखाटनांवरून.” सरळ झाल्या. “कधी आलेलीस गो तू?”

मी म्हटलं, “काकू, ते…”

“असू दे,” त्या म्हणाल्या. “छापायला लागतं काहीतरी.” रागावल्या नव्हत्या. मग खुर्चीत बसल्या, पिशवीतून पाण्याची बाटली काढली, प्यायल्या, आणि अगदी सहज, शेजारणीशी बोलावं तसं सांगायला लागल्या.

“ते मात्र सांगायचे तू आलेलीस म्हणून. शेवटच्या वर्षीची गोष्ट. भाच्याने दाढी करायला सलूनमध्ये नेऊन बसवलेलं, तिकडून आले नि सुरूच झाले. ‘ती आली. ती आली.’ बोलता कुठे येत होतं नीट? पण तेवढं बोलायचे. मी विचारलं, कोण? तर तुझं नाव. दारात उभी होती म्हणे. मी सलूनवाल्याला जाऊन विचारलं, तो म्हणाला, कोई नहीं आया चाची, मैं तो दाढ़ी बना रहा था. तरी ह्यांचं दोन दिवस तेच. मग ओरडले मी. म्हटलं, कोणी आलेलं नाहीय, कोणाला पडलेली नाही तुमची, गप जेवा. डॉक्टरला पण सांगितलं, भास होतात त्यांना. त्याने गोळी दिली एक.” काकूंनी बाटलीचं झाकण लावलं. “मग नाही बोलले परत.”

जिन्यावर माणसांचे आवाज यायला लागले. काकू उठल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला. “चित्र राहू दे. उतरवू नकोस. बाजू चुकली तर चुकली, माणूस तोच आहे. लोकांना काय कळतंय?” मग पाहुणे आत आले, कोणीतरी माझ्या हातात फुलं दिली, समई पेटली, भाषणं झाली. एका पाहुण्यांनी तुमच्या चित्रासमोर उभं राहून सांगितलं, की गुरूच्या अखेरच्या दिवसांत शेजारी बसून त्याला असं न्याहाळणं हेच शिष्याचं खरं तर्पण. टाळ्या वाजल्या. काकूही टाळ्या वाजवत होत्या. मी हात जोडले. सगळे फोटो काढत होते, तेव्हा मी हसलेही असेन.

आता ते लिहिते. थंडीचे दिवस होते, सकाळचे दहा. नेहमीचा लांबचा रस्ता गटाराच्या कामासाठी खणून ठेवला होता, म्हणून मी बऱ्याच दिवसांनी नवघरच्या रस्त्याने चालले होते. सलूनचं दार उघडं होतं. तुम्ही दाराकडे पाठ करून खुर्चीत बसला होता, गळ्याभोवती पांढरं कापड. मला आधी तुमची पाठ दिसली, मग समोरच्या आरशात चेहरा. न्हाव्याने अंगठ्याने तुमच्या ओठाचा लोंबता कोपरा वर उचलून धरला होता आणि त्याखालून वस्तरा फिरवत होता. मी पायरीवर उभी राहिले. तो अंगठा सोडायचा, कोपरा परत खाली यायचा. मी फक्त तेवढंच बघत होते. मी तुम्हाला त्या दोन वर्षांत बघितलं ते तेवढंच, आणि आरशातच. आरशात बाजू उलटी होते हे शाळेतलं पोर सांगेल. मी चित्रकार म्हणवून घेते, आणि आरशात दिसलं तसंच, तिथल्या तिथे कॅनव्हासवर उतरवून ठेवलं. हात उजवा गेला हे लोकांकडून ऐकलं होतं, म्हणून तो बरोबर आला.

तुमचे डोळे आरशात वर झाले. मी अजूनपर्यंत स्वतःला समजावत आले, की चष्मा नव्हता, तुम्हाला कोण उभंय ते दिसलं नसेल. तुम्ही कापडाखालून डावा हात बाहेर काढायला लागला होता. न्हावी म्हणाला, चाचा, हिलो मत. तो पूर्ण बाहेर यायच्या आत मी पायरी उतरले होते. धावले नाही. भराभर चालले.

काल सगळे गेल्यावर मी ती चिठ्ठी खरवडून काढली. गोंद चांगला होता, नखाने निघेना, थोडा डाग राहिलाय. वॉचमनने विचारलं, ‘क्या हुआ मॅडम, स्पेलिंग गलत था?’ मी हो म्हटलं. चित्र आहे तसंच ठेवलंय, काकूंनी सांगितलं म्हणून. पण ते उलटं तोंड आता मला चुकीचं दिसत नाही, तेच भयंकर आहे. मी दारात होते ह्याचा तेवढाच पुरावा आहे, आणि तो जिला वाचता येईल अशी एकच बाई काल त्याच्यासमोर पाऊण तास बसून गेली. आरसा हा एक शब्द मी तिच्याकडे बोलले असते तरी पुरलं असतं. माणसं जिन्यावर होती, पण एवढीही घाई नव्हती.

तुम्हाला भास झाला नव्हता, काका. दोन दिवस तुम्ही खरं तेच सांगत होता. पण हे तुम्हाला लिहून काय उपयोग, तुम्हाला ते आधीपासून माहीत आहे. तुमच्यावर ओरडून तुम्हाला गप्प बसवलं, गोळी दिली, ती बाई नवघरला आहे, इथून रिक्षाने पंधरा मिनिटांवर, आणि तिला अजून वाटतंय की तुमचं डोकं फिरलं होतं. सकाळपासून दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा त्यांनी उचलला, आणि दोन्ही वेळा मी विचारलं, काल घरी नीट पोचलात ना?